खोडलेली नोंद जाते कुठे?

सातबाऱ्यावरचे एखादे नाव कमी होते तेव्हा ते पुसले जात नाही. जमीन विकली गेली, वारस लागले किंवा सोसायटीचे कर्ज फिटले, की फेरफार मंजूर होतो आणि जुन्या नावाला किंवा बोज्याला कंस केला जातो. कंसातले नाव वाचता येते, पण ते चालू धरायचे नसते. हस्तलिखित सातबाऱ्याचे पान अशा कंसांनी भरून गेले, की साधारण दहा वर्षांनी त्याचे पुनर्लेखन होत असे. नव्या पानावर फक्त चालू नोंदी उतरत आणि जुने पान अभिलेख कक्षात जाई. म्हणजे नोंद काढून टाकणे ही एक कृती नसून दोन कृती आहेत. आधी 'ही नोंद आता धरू नका' अशी खूण करायची आणि पुढे सवडीने, नियमाने, ती पानावरून प्रत्यक्ष दूर करायची.

ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक असते. संगणक वापरणाऱ्याला मात्र ती बहुधा ठाऊक नसते. 'डिलीट' दाबले की माहिती गेली, असा त्याचा समज असतो. आज शाळेचे आणि शेतीचे बरेचसे कामकाज ब्राउझरमधून, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या आज्ञावलीतून, किंवा मोबाइलमधील ॲपमधून चालते. त्यातील माहितीचा काही भाग दूरच्या सर्व्हरवर न राहता आपल्याच यंत्रात साठतो. हा साठा कसा निर्माण झाला, तो मोडायचा कसा आणि मोडल्यावर खरोखर काय होते, याचा इतिहास गेल्या सुमारे तीस वर्षांतला आहे. तो शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे.

साठा आपल्या यंत्रात का आला?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचे उदाहरण घेऊ. दक्षिणेला गोदावरी, शिवारात कापूस, तूर, ऊस आणि मोसंबी. कुंभार पिंपळगाव किंवा तीर्थपुरीच्या बाजारात मोबाइलला रेंज मिळते, पण शेताच्या बांधावर ती मिळेलच असे नाही. सातबाऱ्यातील बारा क्रमांकाच्या नमुन्यात पिकांची नोंद करण्याचे काम पूर्वी तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह आपणच करण्याची सोय शेतकऱ्याच्या हाती आली. छायाचित्र बांधावर काढायचे, कारण पीक तिथे आहे. पण ते पाठवायचे रेंजमध्ये, कारण सर्व्हर दूर आहे. या दोन क्षणांमध्ये काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर पडते. तेवढा काळ ती नोंद फोनमध्येच राहिली पाहिजे. यंत्रातल्या साठ्याची गरज अशी सरळ आहे.

विश्वजालाची मूळ रचना मात्र याच्या उलट होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जी पद्धत घडवली, तीत सर्व्हरला काहीच आठवत नसे. पान मागा, पान घ्या, संपले. पुढचे पान मागणारा तोच आहे की दुसरा कोणी, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. दुकानदार दर वाक्याला गिऱ्हाइकाला नव्याने ओळख विचारू लागला, तर उधारीची वही चालणार कशी?

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरला द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवायची. हीच 'कुकी'. तिचा आकार सुमारे चार किलोबाइट, म्हणजे टंकलिखित दोन पानांएवढा मजकूर. या चिठ्ठीची एक गंमत आहे. तिला नष्ट करण्याची वेगळी आज्ञाच मूळ रचनेत नव्हती. संकेतस्थळाला कुकी काढून टाकायची असेल, तर ते त्याच नावाची दुसरी कुकी पाठवते आणि तिच्यावर मुदत संपल्याची मागची तारीख घालते. ब्राउझर मुदत पाहतो आणि ती टाकून देतो. पुसण्याचे काम येथे नवे लिहूनच होते.

चिठ्ठीपासून दप्तरापर्यंत

चार किलोबाइटमध्ये उधारीची वही मावत नाही. संपूर्ण काम रेंजशिवाय करायचे तर खरा माहितीसाठा हवा. त्यात हजारो नोंदी असाव्यात आणि हवी ती नोंद झटकन सापडावी. मे २००७ मध्ये गूगलने 'गिअर्स' नावाची जोड ब्राउझरला दिली. तिच्यात एसक्यूलाइट हा छोटा माहितीसाठा होता. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेली ही आज्ञावली इतकी आटोपशीर आहे, की ती आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये सापडते. गिअर्सवरून 'वेब एसक्यूएल' हा प्रस्ताव पुढे आला. क्रोम आणि सफारी या ब्राउझरांनी तो उचलला, फायरफॉक्सने नाकारला.

नकारामागचे कारण विचार करण्याजोगे आहे. विश्वजालाचे मानक ठरवताना त्याची किमान दोन स्वतंत्र बनावटींत अंमलबजावणी दिसावी, अशी अपेक्षा असते. येथे जो तो एसक्यूलाइटच वापरत होता. मग मानक म्हणजे काय, एका आज्ञावलीच्या सवयी? नोव्हेंबर २०१० मध्ये या प्रस्तावावरचे काम थांबवण्यात आले. त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा प्रस्ताव २००९ मध्ये ओरॅकल कंपनीतील निकुंज मेहता यांनी मांडला होता. तो 'इंडेक्स्ड डीबी' या नावाने वाढला आणि ८ जानेवारी २०१५ रोजी मानक म्हणून मान्य झाला. वेब एसक्यूएल सफारीतून २०१९ मध्ये आणि क्रोममधून २०२३-२४ मध्ये काढून टाकण्यात आले. ज्या संकेतस्थळांनी त्यात माहिती ठेवली होती त्यांना ती वेळीच दुसऱ्या साठ्यात हलवावी लागली. नोंदवही शाबूत असून उपयोग नसतो, ती वाचणारा माणूसही शिल्लक राहावा लागतो. मोडी लिपीतील कागदांच्या बाबतीत आपण हे पाहतोच आहोत.

दप्तर मोडण्याची रीत

इंडेक्स्ड डीबीमध्ये पुसण्याच्या पायऱ्या आहेत. एक नोंद काढता येते. नोंदवहीतील सगळ्या नोंदी काढून कोरी वही ठेवता येते. वहीच काढून टाकता येते. आणि अखेरीस सगळ्या वह्यांसह पूर्ण दप्तर, म्हणजे संपूर्ण माहितीसाठा, मोडता येतो. या शेवटच्या आज्ञेचे नाव 'डिलीट डेटाबेस'. आज्ञा एका ओळीची आहे, पण तिच्यामागचे वर्तन समजायला जरा वेळ लागतो.

समजा, एकच संकेतस्थळ आपण ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये उघडले आहे. पहिल्या टॅबने दप्तर मोडण्याची आज्ञा दिली. दुसऱ्या टॅबमध्ये मात्र तेच दप्तर उघडे आहे, कदाचित त्यात लिहिणेही चालू आहे. अशा वेळी काय करावे? हातातली वही हिसकावून घेतली तर अर्धवट नोंद राहील. म्हणून ब्राउझर आधी दुसऱ्या टॅबला निरोप देतो, की दप्तर बदलणार आहे, आपले काम आटोपून ते बंद करा. त्या टॅबच्या आज्ञावलीने हा निरोप ऐकण्याची सोय केलेली असेल, तर ती दप्तर मिटते आणि मोडण्याचे काम पुढे जाते. सोय केलेली नसेल, तर पहिल्या टॅबला 'अडले आहे' असे उत्तर मिळते. येथे आज्ञा रद्द होत नाही, ती रांगेत उभी राहते. दुसरा टॅब बंद झाला, की ती अमलात येते. दरम्यान कोणी तेच दप्तर नव्याने उघडू पाहिले, तर त्यालाही रांगेत मागे उभे राहावे लागते. 'काढून टाका' दाबल्यावर पान गोठल्यासारखे दिसते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. दुसरीकडे कुठेतरी वही उघडी राहिलेली असते.

आणखी एक गोष्ट पाहा. अस्तित्वातच नसलेल्या दप्तराला मोडण्याची आज्ञा दिली, तर उत्तर 'यशस्वी' असे येते. तर्काने ते बरोबर आहे, कारण आपल्याला ते नको होते आणि ते नाही. पण नावात एका अक्षराची चूक झाली, तरीही 'यशस्वी' असेच उत्तर येईल आणि खरे दप्तर जागच्या जागी राहील. यावर उपाय म्हणजे असलेल्या दप्तरांची यादी मागून पाहणे. मात्र ही यादी मागण्याची सोयच मानकाच्या पहिल्या आवृत्तीत नव्हती. क्रोममध्ये ती २०१८ च्या सुमारास आली, फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये. तोवर कित्येक वर्षे संकेतस्थळांना स्वतःचीच दप्तरे नावे लक्षात ठेवून मोडावी लागत. जुन्या आवृत्तीत वेगळ्या नावाने उघडलेले दप्तर नव्या आज्ञावलीला आठवत नसे आणि ते वापरणाऱ्याच्या यंत्रात पडून राही.

शिवाय दप्तर मोडले तरी कुकी, 'लोकल स्टोरेज' नावाचा छोटा साठा आणि पानांच्या साठवलेल्या प्रती ही वेगळी खाती आहेत. एक साफ केले म्हणून दुसरे होत नाही. सर्व्हरने एकाच सूचनेने ही खाती रिकामी करण्यास सांगण्याची सोय २०१७ पासून ब्राउझरांत येऊ लागली.

हरळीसारखी उगवणारी माहिती

शेतातली हरळी वरून खुरपली तरी जमिनीखालच्या काशीपासून पुन्हा फुटते. ब्राउझरच्या इतिहासात असाच एक प्रकार घडला. पाने हलती-बोलती करणाऱ्या 'फ्लॅश' या जोडआज्ञावलीला २००२ पासून स्वतःचा वेगळा साठा होता आणि तो ब्राउझरच्या 'कुकी काढून टाका' या बटणाच्या कक्षेबाहेर होता. २००९ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी शंभर लोकप्रिय संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी हा साठा वापरात होता. काही ठिकाणी तर वापरणाऱ्याने काढून टाकलेली कुकी या दुसऱ्या साठ्यातून पुन्हा तयार केली जात होती. २०१० मध्ये सॅमी कामकार या संगणकतज्ज्ञाने 'एव्हरकुकी' नावाची आज्ञावली प्रसिद्ध करून हा धोका सर्वांसमोर मांडला. तिने एकच ओळखखूण अनेक साठ्यांत लपवून ठेवली. एक जागा राहिली तरी ती बाकीच्या जागा भरून काढी.

यानंतर ब्राउझर बनवणाऱ्यांनी फ्लॅशचा साठाही आपल्या बटणाखाली आणला. फ्लॅशची मदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. या प्रकरणातून एक तत्त्व निघाले. पुसण्याची सोय माहिती ठेवणाऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. ज्याच्या यंत्रात साठा आहे, त्याच्या हाती सगळ्या खात्यांची एकच किल्ली असली पाहिजे.

नको असताना पुसले जाणे

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. ब्राउझरमधील साठा कायमचा नसतो. यंत्रातील जागा कमी पडू लागली, की ब्राउझर फार दिवसांत न वापरलेल्या संकेतस्थळाचा साठा काढून टाकू शकतो. काढताना तो निवडक नोंदी काढीत नाही. त्या संकेतस्थळाचे सगळेच जाते. 'हा साठा काढू नका' अशी विनंती संकेतस्थळाला करता येते, पण ती मान्य करणे न करणे ब्राउझरकडे असते.

मार्च २०२० मध्ये ॲपल कंपनीने सफारी ब्राउझरमध्ये आणखी कडक नियम आणला. वापरणारा सफारी वापरत असूनही सात दिवस एखाद्या संकेतस्थळाशी त्याचा संबंध आला नाही, तर त्या संकेतस्थळाच्या आज्ञावलीने ठेवलेला सगळा साठा काढून टाकायचा. मागोवा घेणाऱ्या जाहिरातदारांना आवर घालणे हा हेतू होता. हेतू योग्य होता. पण रेंज नसलेल्या ठिकाणी भरलेला आणि अजून न पाठवलेला अर्जही याच साठ्यात असतो. पाळत ठेवणारी ओळखखूण आणि एखाद्याचे अर्धे राहिलेले काम, यांतील फरक ब्राउझरला बाहेरून दिसत नाही. म्हणून यंत्रातल्या साठ्याला गोदाम समजू नये. ते खळे आहे. खळ्यावर धान्य येते, पण ते वेळेत घरी न्यावे लागते.

पुसले तरी चकतीवर काय उरते?

आता सुरुवातीच्या कंसाकडे येऊ. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी लिहिलेली 'लेव्हलडीबी' ही आज्ञावली २०११ मध्ये खुली झाली आणि क्रोमने आपल्या इंडेक्स्ड डीबीखाली तिचा पाया घातला. तिची रीत सातबाऱ्यासारखी आहे. जुन्या नोंदीवर ती कधीच फिरून लिहीत नाही. नोंद बदलली तर नवी नोंद पुढे लिहिते. नोंद काढली तर 'ही नोंद कमी केली' अशी खूण पुढे लिहिते. वाचताना अलीकडची खूण प्रमाण मानली जाते, त्यामुळे जुनी नोंद दिसत नाही. अशा खुणा साचल्या, की मागच्या बाजूस पुनर्लेखन होते. चालू नोंदी नव्या धारिकेत उतरतात आणि जुनी धारिका काढली जाते. तोवर 'गेलेली' नोंद चकतीवर असतेच. एसक्यूलाइटची रीत वेगळी आहे, पण परिणाम तसाच. तेथे मोकळी झालेली पाने 'पुन्हा वापरण्यास उपलब्ध' अशा यादीत जातात आणि खास सूचना दिली नसेल, तर त्यांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहू शकतो.

आणि धारिका काढली म्हणजे तरी काय झाले? १९८० च्या दशकातील डॉस प्रणालीत धारिका काढली, की यादीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठरावीक खूण ठेवली जाई. मजकूर जागेवरच असे. याचाच उपयोग करून पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये गेलेली धारिका परत आणणारी आज्ञावली विकायला काढली आणि ती जगभर गाजली. १९९६ मध्ये पीटर गुटमन यांनी चुंबकीय चकतीवरील मजकूर खात्रीने नष्ट कसा करावा यावर निबंध वाचला, तो आजही उद्धृत होतो. पुसणे ही सवलत नाही, ते स्वतंत्र तंत्र आहे, हे त्यातून संगणकशास्त्राला पटले.

हाताने लिहिण्याच्या काळात प्रश्न उलटा होता. याच घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बरू, शाई, कागद, अक्षराचे वळण, पोथीची बासने यांची काळजी कशी घ्यावी याचा विचार त्यात आढळतो. त्या काळी नकलून घेणे कष्टाचे होते आणि वाळवी, ओल व दिवा हे पुसण्याचे काम फुकट करीत. आज प्रत निघायला क्षणही लागत नाही आणि कष्ट पडतात ते सर्व प्रती नष्ट करण्यास.

मालक बदलल्यावर दप्तराचे काय?

ब्राउझरमधील प्रत्येक दप्तर एका पत्त्याच्या नावाने बांधलेले असते. एका पत्त्याचे दप्तर दुसऱ्या पत्त्याला वाचता येत नाही आणि मोडताही येत नाही. सुरक्षेसाठी हा नियम आवश्यक आहे, नाहीतर कोणतेही संकेतस्थळ बँकेच्या संकेतस्थळाची वही चाळू शकले असते. पण यामुळे एक अडचण उद्भवते. संकेतस्थळाने आपला पत्ता बदलला, तर जुन्या पत्त्याच्या नावाने बांधलेली दप्तरे वापरणाऱ्यांच्या यंत्रांत राहून जातात आणि नव्या पत्त्याला त्यांपर्यंत पोचता येत नाही. जुन्या पत्त्यावर काही काळ कारभार चालू ठेवून दप्तरे हलवली नाहीत, तर ती बेवारस होतात.

मराठवाड्याला हे सांगण्याची गरज नाही. हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला आणि पुढे अंबड तालुक्यातून घनसावंगी तालुका. गाव जागचे हलले नाही, पण त्याच्या दप्तराचा पत्ता बदलत गेला. २०२३ मध्ये शेजारच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिला हैदराबादेतील दप्तरांपर्यंत जावे लागले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. महसुली कागदांबरोबरच शाळांच्या प्रवेश-निर्गम नोंदवह्या तपासल्या गेल्या. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी एखाद्या शिक्षकाने घातलेली नोंद आज कुटुंबाच्या दृष्टीने किती मोलाची ठरू शकते, हे यातून दिसले.

सरकारी कचेऱ्यांत म्हणूनच कागद मनाला येईल तेव्हा फाडत नाहीत. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण असते. साधारणपणे 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, 'क' वर्गाचे पाच किंवा दहा वर्षे आणि 'ड' वर्गाचे एक वर्ष. मुदत संपल्यावर यादी करून, मंजुरी घेऊन ते नष्ट करायचे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय कागद तयार होतानाच होतो. संगणकातील साठ्यांच्या बाबतीत नेमका हाच निर्णय अनेकदा राहून जातो.

हक्क आणि जबाबदारी

पुसणे हा आता हक्काचाही विषय झाला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीची वाट मोकळी झाली. या कायद्यात आपल्या माहितीची दुरुस्ती करून घेण्याचा आणि ती पुसून घेण्याचा हक्क आहे. मात्र दुसऱ्या कायद्याने जी माहिती ठेवणे बंधनकारक आहे तिला यातून सवलत आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. म्हणजे शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही कायम राहील, पण एखाद्या ॲपमध्ये साचलेले मुलांचे चेहरे आणि पत्ते काम संपल्यावर तेथे राहण्याचे कारण नाही.

शिक्षकांच्या रोजच्या कामात याचा अर्थ काय? ब्राउझरमधील 'इतिहास' काढणे आणि 'कुकी व संकेतस्थळांचा साठा' काढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याने फक्त आपण कुठे कुठे गेलो याची यादी जाते. दुसऱ्याने दप्तरे जातात, आणि त्यांत न पाठवलेले अर्जही जातात. मोबाइलमध्ये ॲपचा 'कॅशे' काढला तर सहसा तात्पुरत्या प्रती जातात. 'डेटा' काढला तर सर्व काही जाते. फोन हळू चालतो म्हणून दुकानात नेला आणि तेथे कोणी 'सगळे साफ' केले, तर बांधावर काढलेले आणि न पाठवलेले छायाचित्रही त्यात जाईल. म्हणून क्रम असा असावा: आधी पाठवणे, मग पोचल्याची खात्री, मग पुसणे. याउलट, अनेकांच्या वापरातील संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती भरली असेल, तर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडावे, सगळे टॅब बंद करावेत आणि त्या संकेतस्थळाचा साठा काढावा. टॅब आधी का बंद करायचे, हे वर आलेच आहे.

आठवी-नववीच्या वर्गात हा विषय संगणकाशिवायही शिकवता येतो. एका वहीत पन्नास नोंदी करायला सांगा. खोडरबर वापरायचे नाही. नोंद कमी करायची असेल, तर वहीच्या शेवटी 'क्रमांक अमुक कमी' असे लिहायचे. अशा वीस खुणा झाल्यावर मुलांना चालू नोंदींचे नवे पान तयार करू द्या. मग विचारा: जुने पान कोणाच्या हाती लागले तर त्याला काय काय कळेल? नवे पान लिहिताना मध्येच घंटा झाली तर कोणते पान खरे मानायचे? दोन मुले एकाच वहीत लिहीत असताना तिसऱ्याने वही मागितली तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर खासगीपणाकडे नेते. दुसऱ्याचे उत्तर असे, की नवे पान पूर्ण होईपर्यंत जुने टाकायचे नाही. तिसऱ्या प्रश्नाला मुले जे नियम सुचवतील, त्यांची तुलना ब्राउझरच्या निरोपाशी आणि रांगेशी करून दाखवावी. शेवटी शाळेतल्या कपाटातील नोंदवह्यांची यादी करून, त्यांतली कोणती 'अ' वर्गात जाईल आणि कोणती 'ड' वर्गात, यावर वर्गात चर्चा घडवता येईल.